अर्धी मॉरिस

धुळे, १२ जानेवारी २०२५

प्रेमराजभाऊ यांस धनसिंगचा नमस्कार.

आरंभी काय लिहावं यातच अर्धा तास गेला. पूर्वी मी तुम्हाला ‘व्याहीबुवा’ म्हणायचो. माझी हेमांगी आणि तुमचा चंदन यांची फारकत होऊन आता दोन वर्षं झाली. तेव्हा आपण अजून व्याही आहोत की नाही? पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न कोणत्याच पुस्तकात नव्हता. ‘भाऊ’ चालेल असं धरून चालतो.

फोन करणार नाही असं मी घरी वच्छलाला कबूल केलं आहे आणि तुम्ही चंदनला. पत्राबद्दल कोणी काही बोललेलं नव्हतं, म्हणून हा मार्ग.

काम गाडीचं आहे. पोरांच्या लग्नानंतरच्या वर्षी आपण दोघांनी मिळून ती १९३६ची उघडी मॉरिस घेतली, तेव्हाच ठरलं होतं की दसऱ्यापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती जळगावला तुमच्याकडे राहील आणि आखाजीपासून दसऱ्यापर्यंत धुळ्याला माझ्याकडे. फारकतीनंतरही आपण हा नेम मोडला नाही. गेली दोन वर्षं पारोळ्याला सुकदेवच्या टायरच्या दुकानापुढे आपण भेटतो, चार शब्दही बोलत नाही, पण किल्ली मात्र हातात हात लागेल अशीच देतो.

यंदा आखाजीपर्यंत थांबता येणार नाही. गाडी मला फेब्रुवारीअखेर हवी आहे. छताचं कॅनव्हास फाटलं आहे आणि ते शिवणारा इथला कारागीर मार्चमध्ये गावाला जातो. आणखी एक, यंदा पारोळ्याला नको. तुम्हीच ती धुळ्याला घरापर्यंत आणून सोडावी. एवढं माझ्यासाठी करा.

पुष्पाबाईंना नमस्कार सांगावा, सांगण्यासारखं वाटलं तर.

आपला,
धनसिंग

---

जळगाव, २० जानेवारी

धनसिंगभाऊ, रामराम.

तुमचं पत्र आलं. पोस्टमन दोनदा विचारून गेला की हे तुमचंच ना, कारण आमच्या गल्लीत पत्र म्हणजे बँकेची नोटीस. पुष्पाने पाकिटावरचं नाव वाचलं आणि डाळीला फोडणी घातली. फोडणी जळाली.

मी मास्तर नाही, डाळमिलचा फिटर. मला आडून बोलता येत नाही. कॅनव्हास फाटलं म्हणता, ते गेल्या पावसाळ्यात तुम्हीच नवं शिवून घेतलंत. मी आता जाऊन बघून आलो. एक टाका उसवलेला नाही. मग फाटलं कुठे? फाटलं असेल तर तुमच्या मनात काहीतरी फाटलंय, तेवढं सांगा.

आणि फाटण्याचंच बोलायचं तर डाव्या मडगार्डचा पोचा बोला. दसऱ्याला गाडी दिलीत तेव्हा तुम्ही म्हणालात, म्हैस आडवी आली. मी तो पोचा ठोकून काढला, रंग लावला. म्हशीचा एक केस त्यात सापडला नाही. निघाला तो चुना. पांढऱ्या रंगाची म्हैस धुळ्यातच निघायची.

आता मुख्य गोष्ट. गाडी सुरूच होत नाही. किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप टकटक करतो, म्हणजे पेट्रोल येतंय. इंजिन फिरतं, पण धरत नाही. अँपियरचा काटा उलटा जातो. हँडल मारून दंड भरून आला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून मारतो, तुम्ही शिकवलं तसं, म्हणून मनगट शाबूत आहे. पुष्पा ओट्यावरून म्हणाली, “सोयरीक मोडनी, आते तुमना हात बी मोडी.”

तेव्हा फेब्रुवारीअखेरचं विसरा. आखाजीला बघू.

प्रेमराज

---

धुळे, २७ जानेवारी

प्रेमराजभाऊ,

कॅनव्हासची माझी चूक झाली. वय झालं, घोटाळा होतो. मला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं. ते काय होतं हे पुढे कधीतरी लिहीन. मडगार्डबद्दल काही लिहीत नाही.

काटा उलटा जातो म्हणता, तर नवी बॅटरी बसवली आहे का? बसवणाऱ्याने हल्लीच्या गाड्यांसारखं ऋण टोक सांगाड्याला जोडलं असणार. आपल्या मॉरिसमध्ये उलट आहे, धन टोक सांगाड्याला जातं. त्या पोराची चूक नाही, त्याच्या जन्मात त्याने अशी गाडी पाहिली नसेल. टोकं बदला, काटा सरळ होईल.

पण एवढ्याने गाडी सुरू न होण्याचं कारण नाही. कॉइलमधून ठिणगी येते का? येत असेल आणि प्लगपर्यंत पोहोचत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आत रोटर बघा. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी काळी वस्तू आहे, शेंड्यावर पितळेची पट्टी असते. ती झिजली, तडकली किंवा जागेवर नसली तर इंजिन जन्मात धरणार नाही. रोटर पाहून कळवा.

गाडी मला खरोखर हवी आहे. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

धनसिंग

---

जळगाव, ४ फेब्रुवारी

मास्तर,

बॅटरीचं तुमचं खरं निघालं. टोकं बदलली, काटा सुतासारखा सरळ. कॉइलमधून ठिणगी चांगली निळी येते. प्लग काढून घासले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून धुतला. गाडी सुरू होत नाही.

पण आता गाडीचं बाजूला राहू द्या. परवा सुकदेव दोन ट्यूब घेऊन जळगावला आला होता. त्याआधी तो तुमच्याकडे धुळ्याला गेला होता. तो म्हणाला, तुमच्या दारात शिरपूरची पांढरी गाडी उभी होती. घरात पाचसात माणसं नवे कपडे घालून बसली होती. त्यातला एक म्हातारा भिंतीवरचा मॉरिसचा फोटो बघून विचारत होता, ही गाडी कुठे असते, आम्हाला बघायची आहे. आणि तुम्ही सुकदेवच्या हातावर पेढा ठेवलात. सुकदेवने विचारलं, कशाचा? तर तुम्ही म्हणालात, ठरलं एकदाचं.

मी काय दुधखुळा आहे का? पाचसात माणसं बघायला येतात, फोटोवरून विचारतात, पेढा वाटला जातो. म्हणून गाडी फेब्रुवारीअखेर पाहिजे, म्हणून घरपोच पाहिजे, म्हणून कॅनव्हास! शिरपूरवाल्यांना विकायला काढलीत ना?

तुमचा अर्धा तुम्ही विका, फुका, तापीत सोडा. माझा अर्धा मी विकणार नाही. गाडी कापून अर्धी देता येत नाही हे मलाही कळतं. पण एक सांगतो, राग मानू नका. पोरांचं मोडलं तेव्हा दोन्ही घरांनी एकमेकांची भांडी परत केली, साड्या परत केल्या, लग्नाचा अल्बमसुद्धा तुमचे फोटो तुम्हाला आणि आमचे आम्हाला असा फाडला. एवढी एक गाडी राहिली होती. वर्षातून दोनदा तुमचं तोंड दिसायचं. तीही गेली तर तुमच्यामाझ्यात उरतं काय?

स्पष्ट लिहा. मला आडवळण कळत नाही.

प्रेमराज

---

धुळे, १० फेब्रुवारी

प्रेमराजभाऊ,

तुमचं पत्र घरात दोनदा वाचून झालं. तुम्ही इतके रागावला आहात आणि मी कशाबद्दल माफी मागू हेच मला ठरवता येत नाही.

गाडी विकलेली नाही. ती विकण्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

ते शिरपूरचे लोक हेमांगीच्या लग्नाची बोलणी पक्की करायला आले होते. मुलगा तिथे कॉलेजात शिकवतो, त्याची पहिली बायको आजारपणात गेली. माणसं साधी आहेत. पसंती आणि मार्चच्या आरंभीचा बेत नव्या वर्षाआधीच झाला होता, त्या दिवशी सगळं पक्कं ठरलं, म्हणून पेढे. लग्न २ मार्चला आहे.

आता गाडीचं. पसंती झाली तेव्हाच मी हेमांगीला विचारलं, बाई, तुला काय हवं? ती म्हणाली, “नाना, काही नको. फक्त मॉरिसमधून जाईन.” मी म्हटलं, ती गाडी तर तुझ्या जुन्या सासरीही जाते. तिकडची आठवण कशाला? ती म्हणाली, तिकडचं सगळंच वाईट नव्हतं. 

आता तुम्हीच विचार करा. ज्यांच्या मुलाशी तिचं मोडलं, त्यांच्याच दारातून तिच्या दुसऱ्या लग्नासाठी गाडी मागायची! कोणत्या तोंडाने मागणार? म्हणून कॅनव्हासचं निघालं.

लग्नाला या असं मला म्हणता येत नाही. वच्छला म्हणते, लोक काय म्हणतील, आणि नव्या सोयऱ्यांना काय सांगायचं. येऊ नका असंही मला म्हणवत नाही. मी पत्रिका पाठवत नाही आणि पाठवत नाही याची लाज वाटते.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीत. रोटरचं सोडून.

धनसिंग

---

पारोळा, २७ फेब्रुवारी
(सुकदेवच्या हाती)

मास्तर,

गाडी सुकदेवच्या दुकानापुढे उभी करून बसने परत जातोय. किल्ली त्याच्याजवळ आहे.

रोटर माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी तो काढून घेतला. आखाजीआधी गाडी मागता, काहीतरी गडबड आहे, असं वाटलं. पुढचे पंधरा दिवस मी हँडल मारत राहिलो, पुष्पाला दिसावं म्हणून. माझ्याच हाताने बंद पाडलेली गाडी माझ्याच हाताने सुरू करायला बघत होतो. असा मूर्खपणा मिलमध्ये कोणी केला असता तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

आता रोटर बसवलाय. तेल बदललंय, ब्रेक बघितले, चाकांचे आरे एकेक वाजवून पाहिले. रेडिएटरमधलं पाणी उकळतं, म्हणून सकाळी लवकर काढा आणि मागच्या सीटखाली पाण्याचे दोन कॅन ठेवलेत ते विसरू नका. पितळ पुष्पाने चिंचेने घासलं. मी सांगितलं नव्हतं. कशासाठी ते तिने विचारलंही नाही, पण तिला कळलं असावं.

धुळ्यापर्यंत मी येत नाही. लग्नघरात माझं काय काम? पारोळ्याच्या पुढे माझी हद्द नाही. तुम्ही या आणि घेऊन जा.

पोरीला आशीर्वाद म्हणा. माझा आहे हे सांगा किंवा सांगू नका.

प्रेमराज

---

जळगाव, १४ मार्च

धनसिंग पाटील यांस,

काल पारोळ्याहून गाडी परत आणली.

सुकदेवने फोन केला तेव्हा मला खरं वाटलं नाही. मी गेलो. सोडली होती तिथेच उभी. दोन आठवडे. पितळावर धूळ, सीटवर लिंबाचा पाला, आणि मी बॉनेटवर झेंडूची माळ घातली होती ती वाळून काटकी झालेली. तुम्ही न्यायला आला नाहीत, कोणाला पाठवलं नाहीत. सुकदेव म्हणाला, नवरी भाड्याच्या गाडीतून गेली.

एवढंच होतं तर मागायची कशाला? आधी हात पसरायचा आणि दिलं की तोंड फिरवायचं? माझ्या हातची गाडी तुमच्या मांडवात चालली नसती, असं कोणीतरी म्हटलं असणार. मग तसं लिहायचं. मी रोटरसारखी लाजिरवाणी गोष्ट कबूल केली आणि तुम्ही मला एक ओळ लिहिली नाही.

रस्ताभर मी विचार करत आलो. मला यातलं काहीच कळत नाही. चंदनचं आणि हेमांगीचं का मोडलं, तेही मला कधी कळलं नाही. तो सांगत नाही, ती बोलली नाही. मिलमध्ये पट्टा तुटला की तुटलेला पट्टा दिसतो. इथे काहीच दिसत नाही आणि सगळं बंद पडतं.

आखाजीला गाडी न्यायची तर न्या. मी पुन्हा लिहिणार नाही.

प्रेमराज

---

शिरपूर, ३० मार्च, पाडवा

आबा,

मी हेमांगी. नमस्कार करते. तुम्हाला आबा म्हणायचा हक्क मला उरला आहे की नाही ते माहीत नाही, पण दुसरं काही तोंडात येत नाही.

तुमचं १४ तारखेचं पत्र नानांनी न उघडता मला इकडे पाठवलं. कारण ते त्यांना वाचता येत नाही. आबा, नानांना दिसत नाही. काचबिंदू आहे. आधी बाजूचं दिसेनासं झालं, आता समोरचं नळीतून बघावं तेवढंच दिसतं. दसऱ्याला पारोळ्याला येताना आमच्याच फाटकाच्या चुन्याच्या खांबाला त्यांनी गाडी घासली. म्हैस नव्हती. त्या दिवशी ते तिथवर कसे पोहोचले ते देवालाच माहीत.

तुम्हाला आलेली सगळी पत्रं माझ्या हातची आहेत. नाना सांगायचे, मी लिहायचे. तुमची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायचे. कॅनव्हासचं खोटं कारणही माझंच. ते नवं शिवलंय हे मी साफ विसरले. माझ्या लग्नाची बातमी तुम्हाला कळवणारं पत्र मीच लिहिलं, आणि ‘कोणत्या तोंडाने मागणार’ हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. नाना म्हणाले, लिही, खरं आहे ते.

डोळ्यांचं लिहू नकोस अशी त्यांनी मला शपथ घातली होती. त्यांना वाटतं, चालवता येत नाही हे तुम्हाला कळलं की त्यांचा अर्धा संपला. मग गाडी धुळ्याला येण्याचं कारण उरणार नाही, आणि तुमचं येणंही. तुम्हाला अगदी हीच भीती वाटत होती. तुमचं ते पत्र मी वाचत होते तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसले होते आणि ‘पुन्हा वाच’ म्हणाले. म्हणून ते दोनदा वाचलं. तरी ते तुम्हाला हे सांगायला तयार झाले नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी चिठ्ठी मिळाली की गाडी पारोळ्यात आहे. घरात कोणालाच तिचे गिअर टाकता येत नाहीत. एका भाच्याला पाठवलं, त्याने दुकानापुढे तीनदा बंद पाडली आणि तशीच ठेवून आला. सुकदेवभाऊ तेव्हा गावात नव्हते, किल्ली त्यांच्या दुकानातल्या पोराने दिली होती. नानांनी लग्नाच्या सकाळी पांढरा शर्ट घातला आणि म्हणाले, मला नुसतं स्टिअरिंगवर बसवा, पुढचं मी बघतो. आईने दार लावून घेतलं. ते रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. नंतर त्यांना हे तुम्हाला कळवायचा धीर झाला नाही आणि लिहायला मी घरात नव्हते.

शपथ मोडून लिहिते आहे, कारण मला तुमच्याकडे काही मागायचं आहे. ३० एप्रिलला आखाजी. या घरातली माझी पहिली. मुलीला माहेरी न्यायला मुराळी यावा लागतो, कोणी आलं नाही तर ती जात नाही. मला भाऊ नाही, म्हणून मी तुमच्याकडे होते तोवर नाना स्वतः बसने तुमच्या दारी यायचे आणि मला मॉरिसमधून न्यायचे. यंदा त्यांना येता येणार नाही. चुलतभाऊ येतील, पण ते मोबाइलकडे बघत दारात उभे राहतील.

आबा, यंदा मला न्यायला तुम्ही याल? इथे मी सांगितलं आहे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “ज्यानी सून व्हती, तोच लेवाले येस? येऊ दे. असा मानूस मालेबी देखना शे.”

नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण मी सांगणार नाही.

तुमची,
हेमांगी

---

जळगाव, ७ एप्रिल

चि. हेमांगी हिला आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मिलच्या मागच्या बाकावर बसून वाचलं, घरी वाचवेना. मग घरी येऊन पुष्पाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “मास्तरले कई पासून दिखस नही?” मी म्हटलं, दसऱ्यापासून. ती म्हणाली, “आनि तुम्ही त्यासले म्हशीवरथून हाशी ऱ्हायनात.” 

तुझ्या नानांना कळव की १४ मार्चचं पत्र त्यांनी उघडलं नाही तेच बरं झालं. तू ते त्यांना वाचून दाखवू नकोस. फाडून टाक. त्यांचा अर्धा जसाच्या तसा आहे. आखाजीपासून दसऱ्यापर्यंत गाडी धुळ्यालाच राहील, दर रविवारी मी बसने येईन आणि त्यांना फिरवून आणीन. कुठे जायचं ते त्यांनी सांगायचं. गिअर बदलताना मी चुकलो तर त्यांना आवाजावरून कळेलच, आणि ते बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

मी येतो. २९ला पहाटे निघेन, पारोळ्याला थांबून इंजिन थंड करीन, धुळ्याला तुझ्या नानांना शेजारी बसवीन. रात्री तिथेच राहीन. वच्छलाबाईंना चालेल का ते विचारून कळव, नाहीतर सोनगीरच्या रस्त्यावर कुठेतरी टेकीन. ३०ला सकाळी आम्ही दोघं तुझ्या दारात. मागची सीट रिकामी समजू नकोस, पुष्पाने तिचं गाठोडं आजपासूनच बांधायला काढलं आहे. तुझ्याशी काय बोलायचं हे तिला माहीत नाही असं ती म्हणते, पण गाठोड्यात सांजोऱ्यांचा डबा आहे. चंदनला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “गाडी सावकाश चालवा.” याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलेलं नाही.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. काय बोलतात हे लोक अशा वेळी, मुराळी दारात उभा राहून काय म्हणतो, हे मला कोणी शिकवलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

दरवर्षी आखाजीला तुझे नाना तुला घेऊन निघायचे, तेव्हा गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभा राहायचो. मग दोन दिवस घरात करमायचं नाही. हे मी कधी कोणाला बोललो नाही. न्यायला येणाऱ्याला कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. या आखाजीला कळेल.

तुझा,
आबा